मुक्ता आणि बर्फावरची गाडी

माझी सून मुक्ता हिला प्लगचा वास घेण्याची सवय होती. इंजिनातून काढलेला प्लग ती प्रथम नाकाशी नेई, नंतर खिडकीपाशी उजेडात धरी आणि मगच त्याविषयी तोंड उघडी. हेन्डरसन या उपनगरातल्या आमच्या घरात माझी सकाळची पूजा आटोपण्याच्या सुमारास ती गॅरेजातून स्वयंपाकघरात येत असे. तिच्या एका हातात प्लग आणि दुसऱ्या हातात चहाचा कप असे. उदबत्ती आणि पेट्रोल यांचा एकत्र गंध आरंभी मला सोसवत नसे. पुढे तोच त्या घराचा गंध झाला.

"हा बघा बाबा," ती म्हणे, "प्लग चहाच्या रंगाचा हवा. आपल्या चहाच्या बरं का, इथल्या नव्हे."

प्लग काळा आणि ओलसर निघाला तर इंजिनाला पेट्रोल अधिक मिळते आहे, पांढराफटक निघाला तर त्याची उपासमार होते आहे, हे मी वयाच्या सत्तरीत शिकलो. तोवर कृष्णाकाठच्या एका लहान पाठशाळेत मी संस्कृत शिकवत आलो होतो. पत्नीच्या निधनानंतर, दोन हजार बारा साली, मुलाच्या आग्रहास्तव न्यूझीलंडला आलो. मुलगा अनिरुद्ध संगणकाच्या कामात दिवसभर गढलेला असे. मुक्ता शहराच्या पेनरोज भागातल्या एका कारखान्यात पॅकिंगच्या यंत्रांची देखभाल करी. तिच्या वडिलांचे पुण्यात स्कूटर दुरुस्तीचे गॅरेज होते. शाळेचा गृहपाठ तिने तेथेच एका पालथ्या डब्यावर बसून केला, आणि पुढे अभियांत्रिकीची पदवी घेतली तरी हात काळे करण्याची तिची आवड कमी झाली नाही.

रुआपेहू पर्वताच्या उतारावर एका हौशी गिर्यारोहक मंडळाचे छोटे विश्रामगृह होते. मुक्ता या देशात नवी होती, तेव्हा कारखान्यातील कुणीतरी तिला तेथे नेले होते. "तिथे मला कुणी 'कुठून आलीस' असं विचारलं नाही, बाबा," ती एकदा मला म्हणाली. "एक फावडं हातात दिलं आणि दारापुढचा बर्फ काढायला सांगितला. त्या दिवसापासून मी इथली झाले." म्हणून त्या जागेवर तिचा जीव होता.

मोटारींचा रस्ता विश्रामगृहाच्या पुष्कळ खाली संपे. तेथून वर गॅसच्या टाक्या, शिधा आणि प्रसंगी जखमी माणूस यांची ने-आण करण्यासाठी मंडळाकडे स्नोमोबाइल नावाचे वाहन होते. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रबराचा रुंद पट्टा आणि मधोमध स्कूटरसारखे बसायचे आसन. मागे हवी तर घसरगाडी जोडायची. हे वाहन त्यांनी समुद्रापलीकडच्या दक्षिण बेटावरच्या एका मेंढपाळाकडून जुने विकत घेतले होते, आणि ते ज्या दिवशी हवे त्याच दिवशी बंद पडे. एका हिवाळ्यात पाय मोडलेल्या एका सभासदाला चौघांनी स्ट्रेचरवरून हातांनी खाली आणले. तो सारी वाट कण्हत होता. त्यानंतर मंडळाच्या बैठकीत ठरले की, येत्या हिवाळ्यापर्यंत गाडी भरवशाची झाली नाही, तर हिवाळ्यात विश्रामगृह बंद ठेवायचे. जखमीला खाली आणण्याची सोय नसताना माणसांना वर बोलावणे हा अपराध आहे, असे मंडळाचे अध्यक्ष ग्रॅहम म्हणाले. ते निवृत्त सुतार होते. मितभाषी आणि न्यायी.

मुक्ताने हात वर केला आणि गाडी आपल्याकडे मागून घेतली.

ट्रेलरवरून ती गाडी हेन्डरसनला आली तेव्हा शेजारी कुंपणाशी जमले. आमच्या भागात वर्षानुवर्षे बर्फाचा कण पडत नाही. "हीप्स ऑफ स्नो येणार वाटतं या वर्षी!" अशी ढीगभर बर्फाची थट्टा करून पलीकडचा गृहस्थ हसला. मुक्ताही हसली आणि तिने पाण्याचा पाइप सोडला. दोन दिवस ती गाडी केवळ धूत आणि पुसत होती. अनिरुद्ध म्हणाला, "अगं, दुरुस्त करणार आहेस की लग्नात मिरवणार आहेस?" तिचे उत्तर ठरलेले होते: "आधी पुसा, मग पाहा." मळ निघाल्यावर गाडीचे रोग आपोआप बोलू लागले. हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबराला बारीक चीर गेली होती आणि तेथून चोरटी हवा आत शिरत होती. पेट्रोलच्या नळ्या काडीसारख्या ताठ झाल्या होत्या. विजेच्या एका जोडावर हिरवा गंज चढला होता. गाडीला धक्का बसला की ठिणगी नाहीशी होई, आणि लोक मात्र पेट्रोलला दोष देत. मागचा पट्टा कुणीतरी इतका ताणून ठेवला होता की अर्धे बळ त्याला फिरवण्यातच खर्ची पडे. तो तिने सैल केला, पट्ट्याच्या आतल्या चाकांची बेअरिंग बदलली, आणि इंजिनाचे बळ मागे पोहोचवणारा, झिजून काचेसारखा गुळगुळीत झालेला बेल्ट काढून नवा घातला.

मला या कामात एक ओळखीची शिस्त दिसे. आमच्याकडे वेदपठणात एकेक पद सुटे करून, उलटसुलट फिरवून तपासतात, म्हणजे कोठे काही गळाले वा शिरले असेल तर उघडे पडते. मुक्ताही एका वेळी एकच वस्तू बदली, इंजिन चालू करून ऐके आणि मगच पुढच्या वस्तूला हात लावी. "एकदम चार गोष्टी बदलल्या तर कुठली बरोबर होती ते कळणार कसं?" हा तिचा प्रश्न मी माझ्या विद्यार्थ्यांसाठी मनात जपून ठेवला.

इतके काळजीपूर्वक काम करणाऱ्या मुक्ताच्या हातून पहिल्याच हिवाळ्यात मोठी चूक झाली, आणि तीही अस्सल पुणेरी चूक. वडिलांच्या गॅरेजात आलेले प्रत्येक गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारी, "ॲव्हरेज किती देईल?" स्कूटर थोड्या पेट्रोलात पुष्कळ धावली म्हणजे ती उत्तम, हे तिच्या हातांत मुरलेले होते. कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा जेट तिने कोणी न सांगता आणखी बारीक घातला. गॅरेजात, मागचा पट्टा अधांतरी ठेवून फिरवताना, गाडी गोड चालली. पर्वतावर पहिल्या कडाक्याच्या सकाळी तिने मागे गॅसच्या टाक्या जोडल्या आणि लांब चढावर वेग दिला. गार हवा दाट असते, ओझे मोठे होते, आणि पेट्रोल अपुरे. अर्ध्या चढावर इंजिनातून किंचाळल्यासारखा आवाज आला आणि गाडी जागीच थिजली. पिस्टन तापून सिलिंडरला चिकटला होता.

ग्रॅहम खालून चालत आले. त्यांनी सुरू करायची दोरी ओढून पाहिली. ती हलली नाही. "मेली म्हणायची," ते म्हणाले. "वाईट वाटतं, पण जुनी वस्तू ती जुनीच."

"जुनेपणाचा दोष नाही, ग्रॅहम," मुक्ता म्हणाली. "मी तिला उपाशी ठेवलं. चूक माझी आहे. मला एक संधी द्या."

सगळ्या सभासदांसमोर तिने हे सांगितले. मी तेथे होतो, आणि तिच्या स्वरात ना रडू होते ना सबब. ग्रॅहम तिकडच्या बोलीत 'ठीक आहे' अशा अर्थाने म्हणाले, "स्वीट ॲज. घेऊन जा." इतकेच.

घरी येताच तिने पुण्याला वडिलांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे सारे माझ्या कानी पडले.

"आप्पा, पिस्टन जाम झाला."

"जेट कितीचा घातलास?"

"होता त्याहून दोन नंबर खाली."

"का?"

"ॲव्हरेजसाठी."

पलीकडे आप्पा मोठ्याने हसू लागले. "अगं येडे, तुला तिथे वाचवायचंय काय? पेट्रोल की माणूस? पाज की तिला पोटभर! व्याह्यांना नमस्कार सांग आणि फोन ठेव, माझ्याकडे गिऱ्हाईक उभं आहे."

तिने नवा पिस्टन आणि रिंगा घातल्या, सिलिंडरला चिकटलेला धातू सोडवला आणि मोठा जेट बसवला. आता गॅरेजातल्या परीक्षेवर तिने विश्वास ठेवला नाही. पर्वतावर जाऊन, ओझे ओढत, चढाच्या मध्यावर इंजिन एकाएकी बंद करी आणि तेथेच बर्फात गुडघे टेकून प्लग काढी. पांढरा, मग करडा, मग एकदाचा आपल्या चहाच्या रंगाचा. त्या दिवशी तिने तो प्लग रुमालात गुंडाळून मला दाखवायला आणला, प्रसाद आणावा तसा.

दक्षिण गोलार्धातल्या या देशात दसरा वसंतात येतो. गाडी उन्हाळ्याच्या देखभालीसाठी घरी आलेली असे. खंडेनवमीला मुक्ता आपले सारे पाने-हातोडे ओळीने मांडी आणि मला म्हणे, "बाबा, तुम्ही मंत्र म्हणा, मी आरती धरते." झेंडू मिळत नसे, शेजाऱ्यांच्या कुंपणावरची कमेलियाची फुले मी विचारून आणीत असे. एकदा मी भक्तिभरात इंजिनावर हळदकुंकू वाहू लागलो, तर तिने माझा हात हळूच धरला. "हेडलाइटला वाहा बाबा, तिथे नको. देवाला पोहोचेल, पण कार्ब्युरेटरमध्येही पोहोचेल." देवाचा आणि यंत्राचा मान एकाच वाक्यात राखणारी ती माझी सून आहे, या विचाराने मला त्या दिवशी फार बरे वाटले.

पुढचे दोन हिवाळे गाडीने उत्तम काम केले. खांदा निखळलेल्या एका बाईला मुक्ताने विश्रामगृहातून थेट मोटारीपाशी आणले. मंडळात हिने नावाची एक परिचारिका होती, या देशातल्या मूळच्या माओरी लोकांपैकी. घसरगाडीवरच्या रुग्णाला तिने सांभाळले होते. पर्वत दृष्टीस पडला की हिने नेहमी क्षणभर थांबे आणि त्याला आपल्या भाषेत काही म्हणे. मीही हात जोडत असे. "किया ओरा, बाबा," असा माओरीत नमस्कार करून ती मला म्हणे, "तुमचं आणि त्याचं बरं जमतं." मुक्ताची गाडी दुसऱ्या ओढीला सुरू होते, अशी ख्याती झाली होती. आम्हा सर्वांना वाटले की काम पूर्ण झाले.

मग एका शनिवारी मुक्ता पेनरोजला कामावर असताना वर एकाचा घोटा मोडला. हिनेने दोरी ओढली, ग्रॅहमनी ओढली, आणखी दोघांनी ओढली, गाडी ढिम्म. त्या माणसाला पुन्हा चौघांनी उचलून आणले. सोमवारी मुक्ता धावत तेथे गेली आणि तिच्या हाताला गाडी दुसऱ्या ओढीला सुरू झाली. सगळे हसले. ग्रॅहम म्हणाले, "तिला तूच आवडतेस."

घरी आल्यावर ती जेवली नाही. मी समजूत घालू लागलो की, यात तुझा काय दोष? ती म्हणाली, "बाबा, मी चोक अर्धा ओढते, गाडी जराशी डावीकडे कलती करते, मग दोरी ओढते. हे मी कुणाला सांगितलंच नाही, कारण मी असं करते हे मलाच माहीत नव्हतं. पुण्यात प्रत्येकाच्या स्कूटरचा असा एक नखरा असायचा आणि मालकाला त्याचं कौतुक असायचं. माझ्या हाताला चालते म्हणजे ती दुरुस्त झाली असं नाही. ती माझी झाली, एवढंच."

माझ्या मते मुक्ताचे मोठेपण या वाक्यात आहे. आपल्या हाताला यश आहे, हे कोणत्याही कारागिराला हवेहवेसे वाटते. तिला ते खुपले. त्या उन्हाळ्यात तिने आपला हातगुण गाडीतून काढून टाकण्याचे काम केले. कलती का करावी लागते याचा शोध घेता कार्ब्युरेटरमधला पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट किंचित वाकलेला सापडला. तो बदलला. चोकच्या दांड्याला तिने लाल रंगाची खूण केली. पान्याला दोरी बांधून तो आसनाखाली अडकवला, जादा बेल्टही तेथेच. मग ती मला गॅरेजात बोलावून म्हणाली, "आता तुम्ही सुरू करा."

"मी? मुक्ता, मी आयुष्यात सायकलच्या पुढे गेलो नाही."

"म्हणून तर तुम्हीच. धोतर सांभाळा आणि ओढा."

मी ओढली. गाडी सुरू झाली. शेजारच्या गृहस्थाने कुंपणापलीकडून टाळ्या वाजवल्या.

दोन हजार अठरा साली मुक्ताला दक्षिण बेटावरच्या एका दूध-भुकटीच्या कारखान्यात यंत्रविभागाची प्रमुख म्हणून बोलावणे आले. एवढ्या मोठ्या जागेवर तिची निवड व्हावी, याचा आम्हांला अभिमान वाटला. पण पर्वत तेथून समुद्रापलीकडे राहणार होता. ग्रॅहमनी तिचे मनापासून अभिनंदन केले आणि लगेच मुद्द्याची गोष्ट काढली. "तू गेल्यावर गाडी बंद पडली तर बघणार कोण? मंडळ म्हणतंय, ती विकावी आणि हिवाळ्यात विश्रामगृहाला कुलूप घालावं. मला नको वाटतं. पण मी त्यांना काय सांगू?"

"हिने बघेल," मुक्ता म्हणाली.

"हिने परिचारिका आहे."

"मग तर उत्तमच. तपासल्याशिवाय औषध देणार नाही."

तो सबंध हिवाळा तिने हिनेला शिकवले. हिवाळ्याच्या अखेरीस मंडळाने परीक्षा ठरवली. खाली मोटारतळापासून विश्रामगृहापर्यंत हिनेने एक रुग्ण घेऊन जायचे. मुक्ताने मागे बसायचे, परंतु गाडीला हात लावायचा नाही. ग्रॅहम वर वाट पाहणार होते. रुग्ण कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा मी पुढे झालो. मला घोंगड्यांत गुंडाळून, पट्ट्यांनी बांधून घसरगाडीवर निजवण्यात आले. आकाशाकडे तोंड करून पर्वत चढण्याचा योग माझ्या वयाच्या किती जणांना येत असेल!

अर्ध्या वाटेवर इंजिन अडखळले, दोनदा उचकले आणि बंद पडले. वारा सुटला होता आणि शिखराकडून ढग उतरत होते. हिनेने दोरी ओढली. गाडी सुरू झाली आणि लगेच पुन्हा थांबली. मुक्ता आसनावरून उतरली, दहा पावले दूर गेली आणि तिने दोन्ही हात खिशांत खोल खुपसले.

हिनेने झाकण उघडले. तिने जोड पाहिले, ठिणगी पाहिली, पुन्हा पाहिले. मला राहवेना. मी मराठीत म्हणालो, "मुक्ता, थंडी वाढते आहे. काय झालंय ते सांगून टाक ना तिला."

"बाबा, तुम्ही पेशंट आहात. पेशंट सूचना देत नाहीत."

"काय म्हणताहेत ते?" हिनेने मान वर न करता विचारले.

"पाय दुखतोय म्हणताहेत."

"दुखू दे. थोडा वेळ लागेल."

पाठशाळेत विद्यार्थी पाठ म्हणताना अडखळला की गुरूच्या ओठांवर पुढचे पद येऊन थांबते. ते गिळून बसणे किती कठीण, हे मी जाणतो. मुक्ताचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि खिशांतल्या आवळलेल्या मुठी कापडावरून दिसत होत्या.

हिने मागे सरून क्षणभर स्वस्थ उभी राहिली. मग तिने पेट्रोलच्या टाकीचे झाकण फिरवले. 'फुस्स' असा आवाज झाला. ती थबकली. तिने झाकण लावले आणि टाकीत हवा जाण्यासाठी असलेल्या बारीक नळीचे टोक बोटांनी चाचपले. त्यात बर्फ गोठून बूच बसले होते. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल बाहेर येईना. तिने हातमोजा काढला, नळी मुठीत धरून ऊब दिली, तोंड लावून फुंकली, आणि तिचे टोक वारा न लागेल असे आतल्या बाजूला वळवून बांधले. दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू झाले आणि सुरूच राहिले.

मुक्ता घसरगाडीपाशी आली, माझ्यावरचे घोंगडे नीट करण्याच्या मिषाने वाकली आणि कुजबुजली, "बाबा, मला प्लग वाटला होता. मी बोलले असते तर तिला चुकीच्या वाटेला लावलं असतं." तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. माझ्या शिष्यांपैकी कुणी मला न सुचलेला अर्थ सांगितला, त्या दिवशीचा आनंद मी विसरलो नाही. तोच तिच्या मुखावर मी पाहिला.

"चल, बस मागे," हिने म्हणाली.

"तू जा. मी मागे असले तर तुझा एक कान माझ्याकडे राहील. मी येते चालत."

गाडी निघाली. माझे डोके गाडीकडे आणि पाय उताराकडे होते, म्हणून मला ती बराच वेळ दिसत राहिली. पट्ट्याने उमटवलेल्या रुंद वाटेवरून, हात अजून खिशांत ठेवून, ती संथपणे चढत होती. इंजिनाचा आवाज चढावर एकसारखा, न अडखळता चालला होता. ती एकदाही घाईने पाऊल उचलत नव्हती.